थांबलेला प्रश्न, वाहती माहिती

डेटाबेसशी आपलं नातं आजवर एकाच दिशेचं राहिलं आहे. माहिती एका जागी साठवलेली असते, आपण प्रश्न घेऊन तिच्याकडे जातो, उत्तर मिळतं आणि प्रश्न तिथेच संपतो. रेल्वेचं आरक्षण, बँकेतली शिल्लक, सातबाऱ्याचा उतारा, सगळीकडे हाच रिवाज. या पुस्तकाचा विषय याच्या नेमका उलटा आहे. इथे प्रश्न साठवलेला असतो आणि माहिती त्याच्यापाशी येते. आलेल्या प्रत्येक नव्या माहितीमुळे कोणत्या साठवलेल्या प्रश्नाचं उत्तर बदललं हे शोधायचं, आणि ज्याचा प्रश्न त्यालाच कळवायचं. म्हटलं तर काम एवढंच. पण प्रश्न लाखांच्या घरात असले, माहिती न थांबता येत असली आणि प्रश्नातले शब्द व माहितीतले शब्द एकमेकांशी जुळतच नसले, की या साध्या वाटणाऱ्या कामात संगणकशास्त्रातले कितीतरी अवघड प्रश्न एकदम समोर उभे राहतात.

एक उदाहरण घेऊ. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाखाली १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रातले, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. समजा, ही घटना एखाद्या खुल्या माहितीकोशात नोंदली गेली, आणि त्या कोशाकडे तिघांनी आपापले प्रश्न आधीच नोंदवून ठेवले आहेत. पहिला रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंवर लक्ष ठेवून आहे. दुसरीला जगात कुठेही जलदुर्गाबद्दल काही घडलं तर ते हवं आहे. तिसरा मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी जिथून राज्याचा कारभार चालवला ती जिंजी महाराष्ट्राबाहेर आहे, हे तो विसरलेला नाही. म्हणून त्याने ‘महाराष्ट्रातले किल्ले’ असं न विचारता ‘कधीकाळी मराठ्यांच्या ताब्यात असलेले किल्ले’ असं विचारलं आहे.

कोशात नोंद मात्र एवढीच येते: सुवर्णदुर्गाला जागतिक वारसा दर्जा. त्यात ‘रत्नागिरी’ नाही, ‘जलदुर्ग’ नाही, ‘मराठे’ही नाहीत. शब्दाला शब्द लावून पाहणारी व्यवस्था या तिघांनाही काहीच कळवणार नाही. उलट नुसता ‘किल्ला’ हा शब्द नोंदवून बसलेल्या चौथ्या माणसाला लाल किल्ल्यावरच्या प्रत्येक कार्यक्रमाची सूचना जाईल. यातला दुसरा दोष निदान दिसतो. नको ती सूचना आली की माणूस वैतागतो, तक्रार करतो. पहिला दोष दिसतच नाही. न आलेली सूचना आणि न घडलेली घटना या दोन्ही बाहेरून हुबेहूब सारख्या असतात. या क्षेत्रात काम करणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवायला हवं, कारण चुकलेल्या सूचनेची तक्रार घेऊन कोणी येत नाही.

सिमँटिक वेबची मांडणी इथे उपयोगी पडते. या मांडणीत प्रत्येक विधान तीन भागांचं असतं: कोण, कोणत्या नात्याने, कोणाशी. याला ट्रिपल म्हणतात आणि ट्रिपल लिहिण्याच्या पद्धतीला आरडीएफ. सुवर्णदुर्ग, प्रकार, जलदुर्ग. जलदुर्ग, उपप्रकार, किल्ला. सुवर्णदुर्ग, स्थान, हर्णे. हर्णे, स्थान, दापोली तालुका. दापोली तालुका, स्थान, रत्नागिरी जिल्हा. अशी विधानं एकमेकांत गुंफत गेली की त्यांचा ग्राफ तयार होतो, आणि सुवर्णदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात आहे असं कोणीही लिहिलेलं नसताना तसा निष्कर्ष यंत्राला काढता येतो. शिवाय यातली प्रत्येक वस्तू नावाने नव्हे, तर तिच्या कायमच्या ओळखक्रमांकाने ओळखली जाते. मराठी, तमिळ, इंग्रजी नावं ही त्या क्रमांकाला डकवलेली लेबलं. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा ‘उस्मानाबाद’ हा शब्द नोंदवून ठेवलेले प्रश्न हळूहळू मुके झाले असतील. क्रमांकावर लावलेला प्रश्न मात्र नामांतरानंतरही तसाच चालू राहतो. मराठीत प्रश्न नोंदवणाऱ्याला इंग्रजीत नोंदलेली घटना मिळते तीही याच सोयीमुळे.

सूचना आणि सिमँटिक वेब यांचं नातं जुनं आहे, पण ते मध्येच तुटलं. मार्च १९९९ मध्ये नेटस्केपने आरएसएसची पहिली आवृत्ती काढली ती आरडीएफवरच बेतलेली होती. नव्या मजकुराची खबर वाचकापर्यंत पोचवणं हेच तिचं काम. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पुढची आवृत्ती आली आणि सोपेपणासाठी आरडीएफ वगळलं गेलं. त्यानंतर एकीकडे सूचना साध्या होत गेल्या, दुसरीकडे अर्थाचं शास्त्र वाढत गेलं. २००१ च्या मे महिन्यात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांचा सिमँटिक वेबवरचा गाजलेला लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आला. जानेवारी २००८ मध्ये या ग्राफला प्रश्न विचारण्याची भाषा, स्पार्कल, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि मार्च २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. या भाषेत निवडता येतं, नवा ग्राफ रचता येतो, हो-नाही विचारता येतं. ‘हा प्रश्न ठेवून घे आणि उत्तर बदललं की सांग’ एवढं मात्र म्हणता येत नाही. ही उणीव भरून काढायचे प्रयत्न हाच या पुस्तकाचा ऐवज आहे.

सगळ्यात सोपा उपाय सगळ्यांना सुचतो: तोच प्रश्न ठरावीक वेळाने पुन्हा विचारायचा. विकिपीडियावर माग्नुस मान्स्के यांचा लिस्टेरिया हा बॉट अनेक याद्या याच रीतीने ताज्या ठेवतो. यादीची क्वेरी पुन्हा चालवायची, उत्तर आधीच्या उत्तराशी ताडायचं, फरक असेल तर पान बदलायचं. रोजच्या यादीसाठी हे पुरेसं आहे आणि त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण विकिडेटासारख्या कोशाचा आकार पाहा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या कोशात १० कोटींहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत आणि मिनिटाला शेकडो संपादनं होतात. त्याच्या सार्वजनिक क्वेरी सर्व्हिसवर एका प्रश्नाला ६० सेकंदांची मर्यादा आहे. लाखभर लोकांनी दर पाच मिनिटांनी आपला प्रश्न विचारायचा ठरवला तर बहुतेक वेळा उत्तर तेच असणार, आणि ते तेच आहे एवढं कळण्यासाठी सर्व्हरला दर वेळी सगळी मेहनत नव्याने करावी लागणार. प्रश्न विचारण्याचं अंतर वाढवलं तर सूचना उशिरा पोचणार. या चक्रातून यंत्रं वाढवून सुटका होत नाही.

कामाची दिशाच उलटी करण्याची कल्पना आपल्याला १९९२ च्या एका शोधनिबंधात स्पष्ट दिसते. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात डग्लस टेरी, डेव्हिड गोल्डबर्ग, डेव्हिड निकल्स आणि ब्रायन ओकी यांनी टॅपेस्ट्री नावाची व्यवस्था बांधली. मेल आणि बातम्यांच्या वाढत्या ढिगातून प्रत्येकाला त्याच्या कामाचं तेवढं मिळावं म्हणून त्यांनी प्रश्न कायमचे चालू ठेवले आणि प्रत्येक प्रश्नाचं रूपांतर ‘मागच्या वेळेनंतर नवीन काय?’ एवढ्या छोट्या प्रश्नात केलं. त्यांचा डेटा फक्त वाढत जाणारा होता. त्यातलं काही पुसलं जात नसे. ही अट किती मोलाची होती ते पुढे दिसेल. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्जी यांनी रेटे हा अल्गोरिदम रचला होता, तो तज्ज्ञ-प्रणालींमधले शेकडो नियम एकाच वेळी तपासण्यासाठी. नियमांचे सारखे तुकडे एकदाच साठवायचे, अर्धवट जुळलेलं लक्षात ठेवायचं, आणि नवी गोष्ट आली की ती फक्त जिथे लागू पडेल तिथेच पोचवायची. आजच्या बहुतेक व्यवस्थांच्या पोटात याच कल्पनेचं कुठलं ना कुठलं रूप सापडतं.

आता हे काम जवळून पाहू, कारण या विषयाची गोडी इथेच आहे. प्रश्नातल्या प्रत्येक ओळीत तीन जागा असतात, आणि प्रत्येक जागी एकतर ठरलेली वस्तू असते किंवा मोकळं चल. तीन जागा, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे एकूण आठ साचे. ‘सुवर्णदुर्ग, वारसा दर्जा, जागतिक वारसा स्थळ’ हा ट्रिपल आला की तो जुळू शकेल असे आठच साचे आहेत: तिन्ही जागा ठरलेल्या, पहिली मोकळी, दुसरी मोकळी, असं करत शेवटी तिन्ही मोकळ्या. नोंदवलेल्या सगळ्या प्रश्नांच्या ओळी या साच्यांनुसार हॅश टेबलमध्ये लावून ठेवल्या, तर नोंदवलेले प्रश्न शंभर असोत की दहा लाख, नव्या ट्रिपलसाठी आठच ठिकाणी डोकावावं लागतं. हे पहिल्यांदा समजलं की फार बरं वाटतं.

पण काम इथे संपत नाही. ‘कोणत्याही वस्तूला कोणताही वारसा दर्जा’ या साच्यात पेरूपासून जपानपर्यंतच्या हजारो जणांचे प्रश्न अडकलेले असतील. त्या प्रत्येकाच्या उरलेल्या ओळी एकेक करून तपासायला गेलो तर आठ डोकावण्यांची बचत वाया गेली. म्हणून नोंदणीच्या वेळीच प्रश्न ‘वारसा दर्जा’ आणि ‘रत्नागिरी जिल्हा’ अशा जोडीखाली लावायचा. घटना आली की सुवर्णदुर्गाच्या स्थानाची साखळी वर चढत जायची: हर्णे, दापोली, रत्नागिरी, महाराष्ट्र, भारत. पाच नावं, पाच डोकावणी. पेरूच्या प्रश्नाला हातही लागत नाही. जलदुर्गाचंही तसंच: जलदुर्ग, किल्ला, संरक्षक वास्तू अशी प्रकारांची साखळी चढायची आणि प्रत्येक पायरीवर कोणी वाट पाहत आहे का ते पाहायचं.

मला जे म्हणायचं आहे ते या एका उदाहरणात सगळं आलं आहे. सूचना-व्यवस्थेची कार्यक्षमता घटनेच्या क्षणी ठरत नाही. प्रश्न नोंदवून घेतला जातो त्या क्षणी ठरते. अर्थ लावण्याचं जड काम तेव्हाच, सावकाश, नीट करून ठेवायचं. प्रश्न नोंदवणारा माणूस दोन सेकंद थांबू शकतो. घटनांचा प्रवाह थांबू शकत नाही. ज्या व्यवस्थांनी हे उलटं केलं, म्हणजे नोंदणी चटकन उरकली आणि प्रत्येक घटनेच्या वेळी अर्थ लावत बसल्या, त्या छोट्या प्रात्यक्षिकात सुरेख चालतात आणि खऱ्या ओझ्याखाली बसतात.

अर्थ आधीच लावून ठेवण्याच्या रीती अनेक आहेत. त्यातली एक मला विशेष आवडते. स्थानांची सगळी उतरंड एकदा चालत जायची आणि प्रत्येकाला आकड्यांचा पट्टा द्यायचा. महाराष्ट्राला १ ते ९०००, रत्नागिरीला त्यातला ४०१ ते ६५०, दापोलीला ४२० ते ४४५, सुवर्णदुर्गाला ४३१. आता सुवर्णदुर्ग रत्नागिरीत आहे का, हे विचारायला साखळी चढावीच लागत नाही. ४३१ हा आकडा ४०१ आणि ६५० यांच्या मध्ये आहे की नाही, एवढं पाहायचं. १९८९ मध्ये राकेश अग्रवाल, अलेक्झांडर बोर्गिडा आणि एच. व्ही. जगदीश यांनी ही कल्पना विस्ताराने मांडली. एकाच वस्तूला दोन पालक असतील अशा गुंतागुंतीच्या उतरंडीसाठीही त्यांनी तिची सोय केली आहे.

अडचण येते ती उतरंडच बदलली की. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, तलासरी आणि पालघर हे आठ तालुके इकडून तिकडे गेले. ग्राफमध्ये बदलले आठ ट्रिपल, पण त्यांच्यावर उभे असलेले निष्कर्ष हजारोंनी बदलले. गावं हलली नाहीत, किल्ले हलले नाहीत, तरी ‘ठाणे जिल्ह्यातला किल्ला’ या प्रश्नाच्या उत्तरातून वसईचा किल्ला बाहेर पडला. ठाण्यावर लक्ष ठेवणाऱ्याला याची सूचना द्यायची का? काटेकोर तर्काने द्यायला हवी, कारण उत्तर बदललं आहे. पण त्याला कदाचित किल्ल्यांमध्ये रस आहे, जिल्ह्यांच्या सीमांमध्ये नाही. माझं मत असं, की वस्तूबद्दलचे बदल आणि उतरंडीबद्दलचे बदल या दोन वेगळ्या जातीच्या घटना मानाव्यात, आणि दुसऱ्या जातीची हजार सूचनांची झड न लावता एकच सूचना द्यावी: तुमच्या प्रश्नाचा प्रदेश आता असा झाला आहे. बरंचसं संशोधन या भेदाकडे पुरेसं लक्ष देत नाही, आणि वापरणारे नेमके इथेच दुखावतात.

पुसलेल्या माहितीचा प्रश्न याहून चिवट आहे. टॅपेस्ट्रीमध्ये काही पुसलं जात नव्हतं. विकिडेटात ते सतत होतं. सिंधुदुर्ग किल्ला महाराष्ट्रात आहे हा निष्कर्ष मालवण तालुक्यावरून निघतो आणि कोणीतरी तसं थेटही लिहून ठेवलेलं असतं. थेट लिहिलेलं विधान कोणी काढून टाकलं, तर निष्कर्ष पडत नाही, कारण दुसरा आधार शाबूत आहे. हे न तपासता ‘सिंधुदुर्ग यादीतून गेला’ अशी सूचना धाडणं म्हणजे वापरणाऱ्याचा विश्वास गमावणं. १९९३ मध्ये आशिष गुप्ता, इंदरपाल सिंग मुमिक आणि व्ही. एस. सुब्रह्मण्यन यांनी यावर दोन मार्ग दाखवले. प्रत्येक निष्कर्षाचे आधार मोजून ठेवायचे, हा एक. संशयित निष्कर्ष आधी सगळे काढून टाकायचे आणि ज्यांना दुसरा आधार आहे ते पुन्हा उभे करायचे, हा दुसरा. पहिल्याला स्मृती जास्त लागते आणि निष्कर्ष स्वतःभोवती फिरणारे असले की मोजणी फसते. दुसऱ्याला वेळ जास्त लागतो. या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण यावर आहे आणि ते आवर्जून वाचावं अशी माझी विनंती आहे.

प्रश्नाची भाषा किती मोकळी ठेवायची, यावर वाद आहेत. होर्हे पेरेस, मार्सेलो अरेनास आणि क्लाउडिओ गुतिएरेस यांनी दाखवून दिलं, की स्पार्कलचं संपूर्ण सामर्थ्य वापरलं तर उत्तर काढणं फार महाग पडू शकतं, आणि त्याचं मोठं कारण ‘असेल तर हेही आण’ असं म्हणण्याची सोय हे आहे. एक प्रश्न दुसऱ्याला सामावून घेतो का, हेही तपासावं लागतं. ‘महाराष्ट्रातले सगळे किल्ले’ नोंदलेलं असेल तर ‘रत्नागिरीतले जलदुर्ग’ त्याच्याखाली लावता येतं आणि श्रम वाचतात. पण साध्या ओळींच्या प्रश्नांसाठीसुद्धा ही तपासणी सर्वसाधारणपणे अवघड वर्गात मोडते, हे चंद्रा आणि मर्लिन यांनी १९७७ मध्येच सिद्ध केलं. म्हणून भाषा आखडती घ्यावी या बाजूचा मी आहे. माणसांना कळवून हवं असलेलं बहुतेक सगळं तीन-चार ओळींत, एखाद्या उतरंडीसह, मांडता येतं.

सेन्सरमधून वाहणाऱ्या डेटासाठी काळाची खिडकी लागते: गेल्या दहा मिनिटांत काय झालं, तेवढंच. मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या गटाची सी-स्पार्कल आणि आयर्लंडमधल्या गॉलवे इथे घडलेली सीक्वेल्स ही यातली ठळक कामं. त्यांची ओळख पुढे आहेच.

सूचना किती लवकर द्यावी, यावर मात्र इथेच थोडं बोललं पाहिजे. खुल्या कोशात कोणीतरी खोडसाळपणे काही बदलतं आणि थोड्याच वेळात दुसरं कोणी ते पूर्ववत करतं. पहिल्या बदलाची सूचना तत्काळ गेली तर तीही खोडसाळपणाची वाहक झाली. काही मिनिटं थांबून परस्परविरोधी बदल एकमेकांत विरू दिले, तर सूचना कमी जातात आणि खऱ्या असतात. वारसा दर्जाच्या सूचनेला दहा मिनिटं उशीर झाला तर काहीच बिघडत नाही. विजेच्या सूचनेला झाला तर माणूस दगावतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असल्याचा इशारा देतं. तिथे थांबून पाहण्याला जागाच नाही. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी २००४ पासून जगभर रुजलेल्या कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलमध्ये म्हणूनच निकड, तीव्रता आणि खात्री या तीन गोष्टी प्रत्येक संदेशात वेगवेगळ्या लिहाव्या लागतात, आणि आधीचा इशारा सुधारण्याची किंवा मागे घेण्याची रीतसर सोय असते. किती उशीर चालेल, हे प्रश्नाबरोबरच नोंदवून घ्यावं. त्याची एक सामायिक किंमत सगळ्यांवर लादू नये.

या पुस्तकाला प्रोग्रॅमिंगची थोडीफार ओळख पुरते. स्पार्कल येत असेल त्याने पहिली दोन प्रकरणं चाळून पुढे जावं. वाचताना शेजारी विकिडेटाची क्वेरी सर्व्हिस उघडी ठेवावी, आपल्या तालुक्यातल्या शाळा, धरणं, देवळं किंवा किल्ले यांबद्दलची एखादी चार ओळींची क्वेरी लिहावी, आणि उत्तर आल्यावर कागदावर मांडून पाहावं: उद्या कोणता एक ट्रिपल आला, किंवा गेला, तर हे उत्तर बदलेल? पहिल्या खेपेला दोन-तीन सापडतात. उतरंडीतले मोजायला लागलं की कागद भरतो, आणि तिसरं प्रकरण तिथून सुरू होतं.